'ब्रेव्हहार्ट'मधला विल्यम वॉलेस खरा किती आणि रचलेला किती?

'ब्रेव्हहार्ट' हा चित्रपट पाहून, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या स्कॉटलंडच्या वॉलेसबद्दल नेमकं काय खरं मानायचं, असं तुम्ही विचारलं आहे. मीही कॉलेजात असताना 'ब्रेव्हहार्ट' पाहिला आणि पुढे बरीच वर्षं तोच इतिहास धरून चाललो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॉलेसचा मृत्यू 1305 चा. चित्रपटाची गोष्ट ज्या दीर्घकाव्यावर उभी आहे ते 'आंधळा हॅरी' या कवीचं, साधारण 1477 चं. मध्ये जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली. आपल्याकडे बखर वेगळी आणि अस्सल कागद वेगळा धरतात, तसंच इथेही करावं लागतं.

अस्सल कागद फार थोडे आहेत, पण त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो. 11 सप्टेंबर 1297 ला स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांचा पराभव झाला. बरोबर एका महिन्याने वॉलेस आणि त्याचा साथीदार अँड्र्यू मरे यांनी लुबेक आणि हॅम्बर्ग या जर्मन शहरांना पत्र पाठवलं. देवाच्या कृपेने स्कॉटलंडचं राज्य लढून इंग्रजांच्या हातून सोडवलं आहे, तुमच्या व्यापाऱ्यांनी आमच्या बंदरांत पुन्हा निर्धास्त माल आणावा, असा त्याचा आशय. लढाई जिंकल्यावर महिनाभरात हा माणूस राज्याचा व्यापार सुरू करायला बसला होता! पत्राला वॉलेसचा शिक्का आहे. त्यावर धनुष्यबाण आहे आणि 'अॅलनचा मुलगा विल्यम' अशी ओळख. काव्यात मात्र बापाचं नाव माल्कम. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याशी निष्ठेची शपथ घेतलेल्यांच्या 1296 च्या यादीत आयरशायरचा एक अॅलन वॉलेस सापडतो. तोच हा बाप असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. मला स्वतःला शिक्का काव्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

स्टर्लिंगच्या लढाईतून चित्रपटाने पूलच काढून टाकला, याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळा डाव त्या अरुंद लाकडी पुलाचा होता. दोन-दोन घोडेस्वार मावतील एवढाच तो रुंद. स्कॉट टेकडीवर थांबून राहिले, निभावेल एवढंच सैन्य अलीकडे येऊ दिलं, मग खाली उतरून पुलाचं तोंड अडवलं. पलीकडचे नुसते बघत राहिले. त्याहून मोठा अन्याय मरेवर. उत्तरेतलं बंड त्याने स्वतंत्रपणे उभं केलं होतं, स्टर्लिंगला तो बरोबरीचा सेनापती होता, आणि वर्ष संपायच्या आत वारला. चित्रपटात त्याचं नावही नाही.

बाकीचं भराभर सांगतो. मे 1297 मध्ये लॅनार्कच्या शेरीफला (इंग्रज राजाच्या तिथल्या अधिकाऱ्याला) वॉलेसने मारलं हे खरं; बायकोच्या खुनाचा सूड ही गोष्ट पुढच्या काव्यातली. चित्रपटात वॉलेसची प्रेयसी दाखवलेली राजकन्या इझाबेला, वॉलेस मेला तेव्हा दहा वर्षांच्या आसपास होती आणि फ्रान्समध्ये होती. ती इंग्लंडला आली 1308 मध्ये, तिचा मुलगा जन्मला 1312 मध्ये. किल्ट पुढच्या काळातला, निळे रंगवलेले चेहरे वॉलेसच्या कितीतरी आधीचे. नववधूवरच्या 'पहिल्या रात्रीच्या हक्का'ला पुरावा नाही. फॉलकर्कला (22 जुलै 1298) घात रॉबर्ट ब्रूसने (पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या सरदाराने) केला नाही; स्कॉट घोडदळ निघून गेलं आणि भालेवाल्यांचे गोलाकार व्यूह इंग्रज धनुर्धाऱ्यांनी पोखरून काढले. 1305 मध्ये वॉलेसला पकडून दिलं ते जॉन मेंटीथ या स्कॉट सरदाराने, ग्लासगोजवळ.

तो नुसता सज्जन होता असंही समजू नका. 1297 च्या शरद ऋतूत त्याच्या सैन्याने नॉर्थम्बरलंडमध्ये गावं जाळली, लुटली. तो लढत होता तेही स्कॉटलंडचा पदच्युत राजा जॉन बॅलिऑलच्या नावाने, त्याचं राज्य परत आणण्यासाठी. चित्रपटातल्या 'स्वातंत्र्या'त हा राजा कुठे दिसतच नाही.

शेवट मात्र बराचसा खरा आहे. 23 ऑगस्ट 1305 ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप वाचला गेला. एडवर्डचा द्रोही मी कधीच नव्हतो, एवढंच त्याने ठणकावलं. त्या राजाला त्याने कधी निष्ठा वाहिलीच नव्हती. त्याच दिवशी लंडनमधल्या स्मिथफिल्डला हालहाल करून मारलं. डोकं लंडन ब्रिजवर लावलं, धडाचे चार तुकडे न्यूकॅसल, बेरिक, पर्थ आणि स्टर्लिंगला पाठवले.