निराधारचे पैसे कुठे अडतात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं ‘निराधार’ किंवा ‘पेन्शन’ म्हणतात त्याबद्दल आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं वगळली आहेत, तालुका तेवढा ठेवला आहे.

माझ्या वडलांना पक्षाघात झालाय. निराधार मंजूर होतं, पैसे यायचेही. आता ‘पैशे चार म्हयने येवक नाय’ म्हणून ते रोज विचारतात. तहसीलमध्ये ‘आम्ही पाठवले’ म्हणतात, बँकेत ‘आलेच नाहीत’ म्हणतात. खोटं कोण बोलतंय? (देवगड)

बहुधा कोणीच नाही. अनुदान आता खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातं. त्या आधारला सर्वांत शेवटी जे खातं जोडलं गेलं तिथे पैसे पडतात, मग ते खातं तुम्हाला माहीत असो वा नसो. बाजारात नवं सिमकार्ड घेताना दोनदा अंगठा घेतला जातो आणि एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडलं जातं, हे आपल्याकडे सर्रास होतं.

म्हणून आधी तहसील नको, आधी आधारचं संकेतस्थळ. ‘माय आधार’मध्ये वडलांच्या आधार क्रमांकाने शिरा, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे खाते क्रमांक दिसत नाही, पण बँकेचं नाव आणि जोडणी चालू की बंद एवढं दिसतं. एवढं पुरेसं आहे.

भलत्याच बँकेचं नाव दिसलं, तर पैसे तिथेच आहेत. त्या बँकेच्या केंद्रावर जाऊन काढून घ्या आणि मग आपल्या नेहमीच्या शाखेत आधार जोडणीचा संमती अर्ज भरा. नवी जोडणी झाली की जुनी आपोआप सुटते. जोडणी बंद दिसली, तरी हाच अर्ज. शाखेत ‘तुमचं आधार आमच्याकडे आहेच’ असं सांगतील. ते केवायसीसाठी दिलेलं आधार झालं. तुम्हाला हवी आहे ती सरकारी अनुदानासाठीची जोडणी, आणि ती बँकेला एनपीसीआयच्या (बँकाबँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत चढवावी लागते. काउंटरवर ‘सीडिंग’ हाच शब्द वापरा, काम लवकर कळतं.

बँक बरोबर आहे, जोडणी चालू आहे आणि तरी पैसे नाहीत, तर घोळ तहसीलच्या संजय गांधी शाखेत आहे. तिथे ‘पैसे का नाहीत’ असं विचारलं की ‘वरून आले नाहीत’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी लाभार्थी क्रमांक सांगून ‘या नावाचा शेवटचा हप्ता कोणत्या कारणाने नाकारला गेला’ ते पडद्यावर बघायला सांगा. कारणं ठरलेली असतात: आधारवरचं आणि यादीतलं नाव जुळत नाही (एकीकडे ‘गावकर’, दुसरीकडे ‘गांवकर’, किंवा वडलांचं नावच गळलेलं), हयातीची वार्षिक पडताळणी राहिली, किंवा आधार क्रमांकाचा एखादा आकडा चुकला. कारण कळल्यावर दुरुस्तीचा आणि अडलेले हप्ते मिळण्याचा असा एकच लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेल्या अर्जाला पुढच्या खेपेला कोणी ओळखत नाही.

वडील उठू शकत नसतील तर त्यांना रिक्षात घालून शाखेत नेऊ नका. दिव्यांगांना आणि 70 वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. पोस्टमन छोटं यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारवरून पैसे काढून देतो, ही दुसरी सोय. आधारमध्येच काही बदलायचं असेल तर आधार प्राधिकरणाची घरी येऊन नोंदणी करण्याची सेवा आहे, तिला 700 रुपये पडतात.

उजव्या पायाचं 30 टक्के अपंगत्व लिहून दिलंय. एका कानानेही नीट ऐकू येत नाही, त्याचं 20 टक्के होईल असं डॉक्टर म्हणाले. 30 आणि 20 मिळून 50 झाले ना? मग मला 40 टक्क्यांचा लाभ का नाही? (गुहागर)

बेरीज अशी होत नाही, पण तुमचं काम होण्यासारखं आहे. दोन अपंगत्वं एकत्र करण्याचं सूत्र असं: मोठी टक्केवारी, अधिक लहान टक्केवारी गुणिले (90 वजा मोठी) भागिले 90. तुमच्या बाबतीत 30 अधिक 20 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 30 अधिक 13.3. साधारण 43 टक्के. 50 नाही, पण 40 च्या वर.

अडचण एवढीच की तुमच्या प्रमाणपत्रावर फक्त पाय आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर नव्याने अर्ज करताना दोन्ही प्रकार नोंदवा आणि जिल्हा रुग्णालयात जाताना ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) अहवाल सोबत ठेवा. हाडांचे आणि कानाचे डॉक्टर वेगवेगळ्या वारी बसतात. वार आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर गुहागरहून रत्नागिरीची खेप फुकट जाते. दिलेली टक्केवारी पटली नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं.

प्रमाणपत्रासोबतचं दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड आलं की त्याचा रंग पाहा. 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. पिवळ्या कार्डावर एसटीत 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट.

पक्षाघाताबद्दलही दोन पत्रं आहेत, त्यांना इथेच उत्तर: झटका आल्यावर लगेच गेलात तर परत पाठवतील. सुधारणा थांबल्यावरच टक्केवारी ठरते, त्यासाठी सहा महिने धरून चला. तोवरचे डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, फिजिओथेरपीची कागदपत्रं एका फाइलीत लावून ठेवा.

माझी बहीण अंध आहे, माझ्याच घरी राहते. सातबारा सामायिक, त्यावर चौदा नावं. थोडे हापूस, थोडे काजू. दोघे भाऊ मुंबईला. उत्पन्नाचा दाखला 80,000 चा आला आणि अर्ज फेटाळला. (लांजा)

कोकणातल्या अर्जांचं मुख्य दुखणं हेच. घाटावर सातबाऱ्यावर एक-दोन नावं असतात, आपल्याकडे पणजोबांच्या नावाखाली अख्खी वाडी.

पहिली गोष्ट मर्यादेची. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, पण दिव्यांगांसाठी ती मर्यादा 50,000 आहे. सेवा केंद्रातला मुलगा सवयीने 21,000 सांगतो आणि माणसं तिथूनच परततात. 50,000 म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. घरातला एक जण वर्षभर नियमित मजुरीला गेला तरी हा आकडा ओलांडतो, तेव्हा मर्यादा तोकडी आहे हे खरंच. पण तुमच्या बाबतीत घोळ मर्यादेचा दिसत नाही, हिशोबाचा दिसतो.

ग्राम महसूल अधिकाऱ्याने (जुने तलाठी) बहुधा सगळ्या क्षेत्राचं उत्पन्न तुमच्या एका घराच्या माथी मारलं आहे. त्याला दाखवायच्या गोष्टी अशा. वारसाचे फेरफार, ज्यांतून तुमच्या शाखेचा हिस्सा किती ते कळतं. चौदा नावं म्हणजे चौदावा हिस्सा असं नसतं. चार भावांच्या शाखा असतील आणि तुमच्या शाखेत तीन वारस असतील, तर प्रत्येकाचा बारावा. कलमं कोण राखतो आणि फळ कोण नेतो, याचा सहहिस्सेदारांचा सहीनिशी जबाब. बाग कराराने दिली असेल तर करारपत्र आणि आपल्या वाट्याला आलेली रक्कम. स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालतं, दाखल्यासाठी स्टॅम्प पेपर विकत घ्यायला लावला तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट रेशनकार्डाची. मुंबईच्या भावांची नावं अजून गावच्या कार्डावर असतील तर त्यांचा पगारही तुमच्या घरात मोजला जातो. ते वेगळे राहतात, वेगळं शिजवतात, मग तहसीलच्या पुरवठा शाखेत त्यांची नावं कमी करून घ्या. गणपतीला आले की सह्या घ्या, पुन्हा शिमग्यापर्यंत भेट नाही. नाव काढलं म्हणजे घरावरचा हक्क गेला, अशी भीती भाऊ घालतात. रेशनकार्डाचा मालकीशी काही संबंध नाही.

खरं उत्पन्नच 50,000 च्या वर असेल, तर कमी लिहून घेण्याच्या फंदात पडू नका. पुढे पडताळणीत निघालं की वसुली लागते. दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं.

आई काजूच्या फॅक्टरीत फोडणीला होती. बोटांचे ठसेच उमटत नाहीत. रेशनवरही अडवतात, बँक मित्राकडेही (गावात बँकेचे पैसे काढून देणाऱ्याकडे). (वेंगुर्ले)

टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि बोटांवरच्या रेषा झिजतात. हात चुकत नाहीत, यंत्र चुकतं. आधार केंद्रावर कोणतं बोट सर्वांत चांगलं उमटतं ते तपासून मिळतं. बहुतेकींची करंगळी किंवा अनामिका वाचलेली असते, कारण फोडताना जोर अंगठ्यावर आणि तर्जनीवर येतो. ते बोट लक्षात ठेवा आणि दर वेळी तेच लावा. ठसे नव्याने द्यायचे तर काम बंद असताना द्या. थोड्या आठवड्यांत कातडी भरून येते आणि रेषा पुन्हा दिसू लागतात. लावण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा, तेलकट बोट वाचलं जात नाही.

रेशन दुकानातल्या नव्या यंत्रावर डोळ्यांवरून ओळख पटवता येते, दुकानदाराला ती सोय वापरायला सांगा. बँक मित्राकडे दोनदा बोट नाकारलं गेलं की तिथून निघा आणि शाखेत पैसे काढण्याची स्लिप भरा. वारंवार बोट लावताना कधी ‘व्यवहार अयशस्वी’ दिसतं आणि खात्यातून रक्कम मात्र कापली जाते. ती परत येते, पण त्या वेळची छापील पावती हातात असली तरच भांडता येतं.

मी विधवा आहे, एका पायाने अधूही. मला 1,500 मिळतात, शेजारच्या दिव्यांग भाऊंना 2,500. आणि ‘लाडकी बहीण’चा अर्ज बाद झाला. (मालवण)

ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 2,500 झालं, विधवा आणि इतरांचं 1,500 च राहिलं. तुमची नोंद ‘विधवा’ म्हणून असणार. 40 टक्क्यांवरचं कार्ड घेऊन संजय गांधी शाखेत जा आणि प्रवर्ग बदलण्याचा अर्ज द्या. ‘लाडकी बहीण’चं म्हणाल, तर दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर तो लाभ मिळत नाही. 2,500 ची नोंद करून घेणं हेच तुमच्या फायद्याचं.

मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, येत्या श्रावणात अठरा पूर्ण होतील. बँक म्हणते, आता खातं त्याच्या सहीने चालेल. (श्रीवर्धन)

अठरा झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत बँकेच्या काउंटरवरच कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. तुमच्यासाठी अलिबाग. तिथून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मात्र ही सोय बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व यांनाच आहे. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा, म्हणून अर्ज वाढदिवसाची वाट पाहत ठेवू नका. कागद आतापासून जुळवा. हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यायचे असतात. ते राहिले असतील तर पुढचं सगळं अडेल. आणि लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. मुदत संपली असेल तर बुद्ध्यांक चाचणी पुन्हा करून घ्यावी लागेल.

ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतून आम्हाला महिन्याला काही मिळू शकेल का? (दापोली)

महिन्याला नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे, म्हणजे घरपट्टी वगैरेचे, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. समजा वर्षाचं स्वउत्पन्न 4 लाख असेल तर निधी 20,000, आणि गावात 16 दिव्यांग असतील तर वाट्याला 1,250. एवढ्या रकमेची भांडी किंवा घड्याळं वाटण्यापेक्षा कमोड खुर्ची, काठी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या मागा. मागणी ग्रामसभेत तोंडी न करता अर्जाने करा, आणि तुमचं नाव पंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहे का ते आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (जुने ग्रामसेवक) बघा. नोंदच नसेल तर वाटपाच्या यादीत नाव येत नाही.