तक्त्यावरचा वारा

"मॅडम, तक्त्यावरचं सगळं धडाधड सांगते. ऊन, पाऊस, ढग, वारा, धुकं. पण खिडकीतून बघून सांग म्हटलं की ढिम्म, नाहीतर भलतंच काहीतरी." चार वर्षांच्या मुलांचे आईवडील हे गाऱ्हाणं घेऊन इतक्यांदा येतात, की 'शाळेत मागे पडेल का हो?' हे पुढचं वाक्य मला पाठ झालंय.

ही आई तक्ता घेऊनच आली होती. तो पिशवीतच राहू द्या म्हटलं आणि मुलीला घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर पानही हलत नव्हतं. एक झाड तेवढं एका अंगाला कललेलं. पोरीने बोट दाखवलं. "वारा!"

आईने कपाळावर हात मारला. "बघितलंत?"

बघितलं होतं, म्हणूनच आता तक्ता मागून घेतला. वाऱ्याच्या चौकोनात होतं एक वाकलेलं झाड. वारा दिसत नाही, चित्रकार बिचारा दुसरं काय काढणार! मुलगी चुकली नव्हती. वाकलेल्या झाडाला वारा म्हणतात, हेच आपण तिला शिकवलं होतं आणि ते ती चोख शिकली होती. आई आधी हसली, मग बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मीही तो चौकोन मुलाच्या नजरेने पहिल्यांदाच पाहिला, हे कबूल करते.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) मला म्हणूनच जवळचा वाटतो. त्याच्या मते मूल शब्द बोलू लागतं तिथे अर्थाची वाढ संपत नाही, सुरू होते.

आईला एवढंच सांगितलं: महिनाभर 'हे काय, ते काय' ही तोंडी परीक्षा बंद. वारा गालाला लागला की त्याच क्षणी तुम्हीच म्हणा, 'किती गार झुळूक!' उन्हातून सावलीत या, मग 'सावली' म्हणा. काचेवर फुंकर मारून ती 'धुकं' म्हणाली तर खोडू नका. दोन्हीकडे पाण्याचे बारीक थेंबच असतात, तिचा अंदाज हुशारीचा आहे. (मूल एकूणच कमी बोलत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. आधी कान तपासून घ्या.)

तिसऱ्या भेटीत आई खुर्चीत बसायच्या आधीच सांगू लागली. "काल दारातून बाहेर पडलो, हिचे केस तोंडावर आले. म्हणते, आई, वारा माझे केस ओढतोय! आणि समोरचं झाड अगदी सरळसोट होतं हो, मॅडम."