शेकोटीभोवती: “सर, समुद्र काय बघायचा?”

स्काऊट-गाईडविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात रत्नागिरीच्या एक निवृत्त गाईड कॅप्टन

प्रश्न: बाई, नमस्कार. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या माध्यमिक शाळेत मी गेल्या वर्षी लागलो आणि स्काऊट पथक माझ्या गळ्यात पडलं. पथक म्हणजे पंधरा ऑगस्टला गणवेश घालून उभी राहणारी मुलं, एवढंच. सहल काढावी म्हणतो, पण गाडीभाड्याला पैसे नाहीत. गावच्याच किनाऱ्यावर जाऊ म्हटलं तर मुलं म्हणतात, “सर, समुद्र काय बघायचा?” काय करू?
— एक शिक्षक

उत्तर: सर, मुलांचं बरोबर आहे. ज्यांच्या पडवीतून गाज ऐकू येते त्यांना समुद्र दाखवायला नेणं हा चेष्टेचा विषय आहे. त्यांना तिथं काम द्या. आणि काम द्यायचं म्हणजे ते तुम्ही करायचं नाही. हे नव्या शिक्षकाला सर्वांत जड जातं. याद्या तुम्ही करता, सामान तुम्ही आणता, चूलही तुम्हीच पेटवता, आणि मुलं रांगेत बसून जेवतात. ती सहल नव्हे, पंगत झाली.

पथकाचे सहा ते आठ मुलांचे संघ पाडा, प्रत्येकाला संघनायक नेमा आणि पहिलं काम म्हणून कालनिर्णय हातात द्या. किनाऱ्यावर कधी जायचं हे त्यांनी सांगायचं. आपल्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. सप्तमी असेल तर सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. तिथून सहा तासांवर थोडं गेलं की पूर्ण ओहोटी. हिशोब अंदाजाचा आहे, आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, तेव्हा तुमच्या बंदरावरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडून मुलांनी तो तपासून घ्यावा. माझी पसंती पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला. उधाणाचं पाणी असल्यामुळे ओहोटीला खूप मागे जातं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास मिळते. ऊन चढायच्या आत काम उरकतं.

खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत, उतरलात की प्रत्येक संघाला एकच डबकं वाटून द्या. सगळीकडे पळायचं नाही. अर्धा तास त्या डबक्याशी बसायचं आणि दिसेल ते वहीत काढायचं. शंखात घर केलेला खेकडा, खडकाला चिकटलेली कालवं, बोट जवळ नेलं की मिटणारं समुद्रफूल. हात लावून उपटायचं काही नाही. वाळूवर आलात की ओल्या पट्ट्यात बारक्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती एका चिमुकल्या खेकड्याची. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. मधे त्याचं बीळ आणि भोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या ओळी. जन्मभर त्यावरून चालत आलेली मुलं इथं पहिल्यांदा खाली बसतात, हे मी पाहिलंय.

पाण्यात मात्र कुणी उतरायचं नाही. पोहता येतं म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. 2016 साली रायगडातल्या मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, ते आठवा. पाणी फिरलं, म्हणजे भरती लागली, की खडपातून बाहेर. त्यासाठी एक मुलगा शिट्टी घेऊन फक्त पाण्याकडे बघत उभा ठेवा, दर पंधरा मिनिटांनी बदला. शाळेची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं गावातल्या गावात जायचं असलं तरी घ्यायचीच.

दुसरी सहल सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. तुमचा तालुका तर कातळशिल्पांचं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या चित्रांचं, माहेरघर. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही सगळी राजापूर तालुक्यातली, आणि 2022 पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब. त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. ते उभ्या उभ्या कळत नाहीत, मोजायला घेतलं की कळतात. सुंभाची दोरी घ्या, मीटर-मीटरवर गाठी मारा, शिल्पाभोवती चौकट आखा आणि मुलांना आलेखाच्या कागदावर चौकोनामागून चौकोन उतरवू द्या. रेषांत खडू भरायचा नाही, पायातलं काढून ठेवायचं. सड्यावर सावलीचं नाव नसतं, त्यामुळे थंडीत जा, आणि तेही सकाळी.

माडाची उंची काढायला तर कुठं जायलाच नको. पाच फुटी काठी उभी करा. तिची सावली चार फूट आणि माडाची बत्तीस, तर माड चाळीस फूट. त्रैराशिक वर्गात न कळणारी मुलं इथं पटकन सांगतात. मग माडावर चढून नारळ काढणाऱ्या पाडेलीला विचारून ताळा करा!

जेवण बिनभांड्याचं करून बघा. कांदे-बटाटे निखाऱ्यात, तांदळाच्या पिठाची पानगी केळीच्या पानात, सपाट दगड तापवून त्यावर. दगड कोरडा बघून घ्या, पऱ्ह्यातला, म्हणजे ओढ्यातला, ओला उचलून चुलीला लावू नका. आतल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटतो. पानगी करपेल, एखादा संघ उपाशी राहील. राहू दे. शेजारच्या संघाकडे मागून खातील.

प्रश्न: बाई, मुलगी सातवीत आहे, गाईडमध्ये आहे. तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे. तिला जायचंय, माझीही ना नाही, पण घरात सासूबाई नको म्हणतात. त्यांना कसं समजवू?
— एक आई, दापोली तालुका

उत्तर: समजवू नका, त्यांना घेऊन शाळेत जा. आजी विचारतील ते प्रश्न बहुतेक रास्तच असतात. सोबत कोण बाई आहेत, रात्री त्या मुलींच्याच खोलीत झोपणार का, संडास किती लांब आहे, तिथं दिवा आहे का, पाणी विहिरीचं की टाकीचं, जवळचा दवाखाना कुठला. ज्या बाईंना यांची उत्तरं पाठ नाहीत, त्यांच्या शिबिराला मीही नात पाठवली नसती.

उत्तरं पटली तर मात्र पाठवा. जाताना लेकीला पॅड द्या, अजून पाळी आली नसली तरी, आणि कुणाला सांगायचं तेही सांगून ठेवा. बॅटरी, जुनी सतरंजी, कानटोपी. फरसाणाचे डबे भरून देऊ नका, रात्री मुंग्या होतात. आणि पोहोचल्यावर दर तासाला फोन करू नका. एवढं सांभाळलंत तर पहिल्या रात्रीचं रडं दुसऱ्या रात्री उरत नाही. दुसऱ्या रात्री तर त्या झोपतच नाहीत. तेव्हा त्यांना अंगणात आणून ध्रुव दाखवावा. आपल्या किनाऱ्यावर तो फार खाली असतो. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठींच्या आतच. थंडीत सप्तर्षी संध्याकाळी वर नसतात, म्हणून शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधायचा.

प्रश्न: स्काऊटचे दहावीला जादा गुण मिळतात का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर: शाळेच्या कार्यालयात विचारा. तेवढ्यासाठीच घालणार असाल तर नका घालू, मूल कंटाळेल.

प्रश्न: मी आठवीत आहे. माझे बाबा मासेमारी करतात. आम्हाला शिकवलेल्या गाठी घरी दाखवल्या तर बाबा हसतात, म्हणतात हे तर आम्ही डोळे मिटून मारतो. मग शिकायचं कशाला?
— एक स्काऊट, हर्णै

उत्तर: बाळा, हसू देत. तुझी बोलाइनची गाठ बघून हसले ना? आता त्यांना म्हण, खरंच डोळे मिटून मारून दाखवा, एका हाताने, दोरी स्वतःच्या कमरेभोवती घेऊन. लहान फासा करायचा, टोक खालून फाशात वर काढायचं, ताणलेल्या दोरीच्या मागून वळवायचं आणि त्याच फाशात परत खाली घालायचं. या गाठीचं मोठं कडं कितीही ओढलं तरी आवळत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून घ्यायला हीच. बाबा ती वेगळ्या नावाने ओळखत असतील, मारत असतील तुझ्या सरांपेक्षा चपळ. सरांना सांग, बाबांना पथकाच्या सभेला बोलवा म्हणून. जाळं कसं विणतात, फाटलेलं कसं सांधतात, हेही त्यांच्याकडून शिकता येईल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. शाळा सुरू झाल्या झाल्या पहिल्याच शनिवारी विचार.