ज्याला हेड नाही, ते काम

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तुमच्या पाणी-गटार योजनेच्या डीपीआरचे, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाचे, तीन जाड खंड पिशवीत घालून कोथरूडपर्यंत आलास आणि मी तुला पोहे-चहा देऊन दीड तास माझ्याच जुन्या गोष्टी सांगत बसले. निघताना चपला घालता घालता तू विचारलंस, "मॅडम, यात पहिल्यांदा काय बघू?" तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलले. खरं उत्तर तू गेल्यावर कपबशा विसळताना सुचलं.

त्या तीन खंडांत जे नाही, ते बघ.

तुला नगरपरिषदेत रुजू होऊन दोन महिने झालेत, एवढ्यात तुला एक शब्द पाठ झाला असेल: हेड, म्हणजे ज्याखाली खर्च टाकता येतो ते अंदाजपत्रकातलं शीर्ष. पाणी उचलायच्या जॅकवेलला हेड आहे, ते वर चढवणाऱ्या ऊर्ध्ववाहिनीला आहे, जलशुद्धीकरण केंद्राला, उंच टाकीला, पाइपांना, अगदी भूमिपूजनाच्या मांडवालाही कुठून तरी निघतं. आणि काही कामं अशी असतात की त्यांना हेडच नसतं. माझ्या सगळ्या नोकरीत योजना बंद पडलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक अशाच एखाद्या कामापाशी अडकलेल्या होत्या.

त्यातली एक माझीच. नाव सांगत नाही. क वर्ग नगरपरिषद, भुयारी गटार योजना. अंदाजपत्रक दरडोई खर्चाच्या मर्यादेत बसेना, म्हणून काटछाट करायला कागद माझ्यापुढे आले. घरजोडण्यांची बाब मी काढली आणि खाली एक ओळ लिहिली: "घरजोडण्या नागरिकांनी स्वखर्चाने कराव्यात." आकडा बसला, मंजुरी मिळाली. दोन वर्षांनी गल्ल्यागल्ल्यांतून पाइप गेले, चेंबरं झाली, वर काँक्रीटचे रस्ते झाले, गावाबाहेर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, उभा राहिला. सांडपाणी मात्र येईना. येणार कसं? घरामागचा सेप्टिक टँक व्यवस्थित चालला होता. तो सोडून पदरचे पैसे घालून, दारातला नवाकोरा रस्ता फोडून कोण जोडणी घेणार? मी गेले तेव्हा एसटीपीवरचा मुलगा टाकीतले जिवाणू जगावेत म्हणून शेणकाला ओतत होता. दारापासून चेंबरपर्यंतचे पंधरा फूट. तेवढ्यासाठी अख्खी योजना उपाशी. त्या ओळीखाली माझी सही आहे, ती पुसता येत नाही.

म्हणून तुझ्या दुसऱ्या खंडात घरजोडण्या कुठे आहेत ते आधी शोध. नसतील तर मूळ अंदाजपत्रकातच घालून घे. "पुढच्या टप्प्यात घेऊ" असं कोणी म्हणालं तर समज की त्या कधीच होणार नाहीत.

गटारापाशी आहोत तर तेही बोलून टाकते. भुयारी गटाराला पाणी लागतं, हे सल्लागार सांगत नाहीत. मानकांत गटार असलेल्या गावाला माणशी रोज 135 लिटर धरतात आणि नसलेल्याला 70, ते उगाच नाही. पाइपातल्या प्रवाहाला सेकंदाला किमान 0.6 मीटरचा वेग मिळाला नाही तर मैला तळाशी बसतो आणि मग वर्षभर चोकअप काढत बसायचं. तुझ्या गावात दिवसाआड पाणी येतं. आधी पाणी नीट कर, गटार मागाहून. तोवर सेप्टिक टँकचं बघ. वाईत आणि सिन्नरला टँक भरून वाहेपर्यंत वाट न बघता, वॉर्डवार पाळी लावून तीन वर्षांतून एकदा उपसतात, आणि तो मैला ओढ्यात न सोडता प्रक्रियेला नेतात. एकदा जाऊन ये. वाई तर तुझ्यासाठी अर्ध्या दिवसाचं काम. गाडी, पाळीपत्रक आणि उपसलेल्या मैल्याची सोय एवढंच ते आहे, पण त्यात फीत कापायला फारसं काही नाही, म्हणून त्याच्यामागे कोणी लागत नाही.

आता पाणी. तुझं गाव 25,000 चं धरू. 135 लिटरने रोजचे जवळपास 34 लाख लिटर, वर 15 टक्के गळती धरली की 40 लाख. नवीन उद्भव म्हणजे पाण्याचा स्रोत, नवीन जॅकवेल, नवीन ऊर्ध्ववाहिनी हे सगळं या 40 लाखांवर बेतलंय. ठीक. पण आज किती पाणी उचलता, हे तुझ्याकडे कोणालाच माहीत नाही. पंपाचे तास गुणिले पंपाच्या पाटीवरचा आकडा, एवढाच हिशेब. पाटी वीस वर्षांपूर्वीची.

पाणी मोजणारा फ्लोमीटर बसेपर्यंत थांबू नकोस. उंच टाकी रात्री भरून घे, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांच्या दोन्ही चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद कर आणि पहाटेपर्यंत पातळी बघ. 12 मीटर व्यासाच्या टाकीत 1 सेंटिमीटर पातळी उतरली म्हणजे 1,130 लिटर गेले. चाव्या बंद असताना पातळी उतरत असेल तर एक तर टाकी पाझरते किंवा चावी बसत नाही. एका गावात या एका रात्रीत जे सापडलं, त्यानंतर नव्या उद्भवाची निकड पुष्कळ कमी झाली. सल्लागार माझ्यावर नाराज झाला, कारण त्याची फी योजनेच्या रकमेवर टक्क्याने होती. हेही लक्षात ठेव.

चाव्यांवरून आठवलं. तुझ्याकडे पाणी सोडणारा कोण आहे? रोजंदारीवरचा एखादा पन्नाशीतला माणूस असेल. कोणत्या आळीला किती मिनिटं, कोणती चावी पाच आटे फिरवायची आणि कोणती अर्धी, जुनी एसबेस्टॉसची लाइन कुठे वळते, कोणाच्या ओट्याखाली फेरूल (घरच्या नळाचा मुख्य पाइपावरचा सांधा) गाडलंय, गावाचा खरा नकाशा त्याच्या डोक्यात आहे. ड्रोनने केलेल्या जीआयएस सर्व्हेत यातलं काही यायचं नाही. आठ दिवस त्याच्याबरोबर पहाटे फिर. वही-पेन्सिल घे, लॅपटॉप नको, तो बुजेल. त्याला "काका" म्हण आणि चहाचे पैसे तू दे. त्याच्या पगाराला धड हेड नाही, हे तुला तिसऱ्या दिवशी कळेल.

पाणी सोडायच्या शेवटच्या नळावर रोज सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी, कर. लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरायला हवं, टाकीपाशी नव्हे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गिया-बारे आजाराची, साथ आली, ते तुला आठवत असेलच. संशय पाण्यावर होता, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. ही सगळी गावं काही वर्षांत पुण्यात आलेली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, शुद्धीकरण केंद्र तसं वाढत नाही. तुझं गावही उद्या कोणाच्या तरी हद्दीत जाईल. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती कोरड्या जागी ठेव, तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात महिन्यानंतर नुसती पांढरी भुकटी उरते.

पैशाचं तू विचारत होतास. अमृत 2.0 या शहरी पाणी-गटाराच्या केंद्रीय योजनेत एक लाखाच्या आतल्या गावाला केंद्राचा हिस्सा 50 टक्के, उरलेला राज्य आणि नगरपरिषद मिळून. हप्ते 20, 40, 40. कामाची प्रगती आणि कागद जुळले नाहीत तर मधला हप्ता लटकतो आणि ठेकेदार खणलेला रस्ता तसाच टाकून दुसऱ्या गावाला जातो, म्हणून गल्ल्या एकदम खणू देऊ नकोस. नगरपरिषदेचा स्वहिस्सा कुठून येणार ते सर्वसाधारण सभेच्या ठरावात आकड्यासह लिहून घे, "स्वनिधीतून" एवढं मोघम नको. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला आहे, तो पेव्हिंग ब्लॉककडे वळायच्या आत पकड. योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, नावं बदलतात, तेव्हा मंत्रालयाच्या खेपेआधी ताजा शासन निर्णय वाच. कर्जरोख्यांचा नाद करू नकोस. पुणे महापालिकेने 2017 मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे उभे केले, पण तेवढ्या अंगाची संस्था लागते.

हे सगळे पैसे बांधायचे. चालवायला अमृत काही देत नाही. आणि चालवण्यातला मोठा खर्च म्हणजे लाइटबिल.

एक गणित करून ठेवलंय. 40 लाख लिटर 60 मीटर उंच चढवायला, काही वाया न जाता, रोज 654 युनिट लागतात. चांगला पंप आणि मोटर मिळून 65 टक्के कार्यक्षमता धर, 1,006 युनिट. तुझ्याकडचा जुना, घासलेला पंप 45 टक्क्यांवर आला असेल तर 1,453. वर्षाचा फरक 1 लाख 63 हजार युनिट. महावितरणचा तुमचा दर टाकून गुण आणि तो आकडा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेव. पाइपाचंही तेच. 250 ऐवजी 300 मिलिमीटरची ऊर्ध्ववाहिनी घेतली तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाची हानी जवळपास 40 टक्क्यांवर येते. पाइप एकदाच महाग पडतो. निविदेत कमी दिसावं म्हणून लहान व्यास घातला की गाव तीस वर्षं दरमहा ती बचत फेडत बसतं.

पाणीपट्टीचं काय करायचं, हे मला अजून पूर्ण उमगलेलं नाही. अर्ध्या इंची जोडणीला वर्षाला ठोक रक्कम, वसुली मार्चमध्ये, तीही जप्तीची नोटीस लागल्यावर. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून, वापर वाढेल तसा दर चढवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. तिथे लोकांनी मीटर स्वीकारला, कारण मीटरबरोबर पाणी आलं. आधी मीटर आणि मग कधीतरी पाणी म्हणशील तर तुझे मीटर फुटतील आणि मी लोकांच्या बाजूने असेन. एका टाकीपुरतं करून बघ. कुठलं तरी थोडं तक्रारखोर, पण शिक्षक-पेन्शनरांची वस्ती असलेलं टोक निवड. तक्रारखोर माणसं मीटर वाचतात.

अजून एक, अगदी कामाचं नाही. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला. वरच्या तलावात गाळ बसायचा, खालच्यातून निवळ पाणी उताराने शहरातल्या हौदांत जायचं. माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा तो नळ मोठा, आणि वाटेत हवेसाठी उच्छ्वास. त्याला लाइटबिल नव्हतं. आणि साफ करणाऱ्याला आत शिरायला जागा आहे का, हे बांधणाऱ्याने आधी पाहिलं होतं. तुझ्या तीन खंडांत एसटीपीच्या पंपापाशी क्रेन लावायला जागा नाही, पान 214 वरचा नकाशा बघ.

पुढच्या रविवारी येणार असशील तर डीपीआर घरी ठेव. गेल्या 12 महिन्यांची लाइटबिलं आण, टाकीच्या पातळीची वही आण, आणि जमलं तर पाणी सोडणाऱ्या काकांनाही घेऊन ये. पोहे तिघांचे करीन.

तुझी,
मॅडम