घोटा काळा पडलाय, शीर काढून टाकू का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी ४७ वर्षांची आहे, सांगलीत घरगुती पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटेपासून दुपारपर्यंत शेगडीपुढे उभी असते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता, मग हळूहळू ओसरला. पुढे त्याच पायावर शिरा फुगत गेल्या. संध्याकाळी पाय जड होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. वर्षभरापासून घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून खाजते. इथल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि शीर काढून टाकायला सांगितलं. माझ्या नणंदेनं पूर्वी काढून घेतली होती, तिला परत शिरा आल्या. शीर काढली तर रक्त वर कसं जाणार? उद्या हृदयाची बायपास करायची वेळ आली तर पायातली शीर लागते म्हणतात, ती कुठून आणायची? कापून काढू की लेझर करू? सासूबाई जळवा लाव म्हणतात. आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे उरकेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तुम्ही बरंच विचारलंत, पण मी थांबले ते बाळंतपणानंतरच्या सुजेपाशी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे साधारण सहा आठवडे बाईचं रक्त लवकर गोठतं. अशा वेळी मांडीच्या किंवा ओटीपोटातल्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाची मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखाली थोडी दबलेली असते. तुम्हाला तेव्हा तेच झालं होतं असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण ते झालं होतं का, हे कळल्याशिवाय तुमच्या पायाला कुणी सुरी लावू नये.

पायातलं साधारण ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. फुगलेल्या दिसतात त्या कातडीखालच्या शिरा. त्यांतली मोठी शीर घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून जांघेत खोल शिरेला मिळते. रक्त खाली परत येऊ नये म्हणून तिच्यात झडपा असतात. त्या निकामी झाल्या की उभं राहिल्यावर रक्त उलटं खाली पडतं आणि घोट्याशी दाब साचतो. खोल शिरा मोकळ्या असतील तर ही बिघडलेली शीर काढल्यानं काहीच अडत नाही, उलट पायावरचा भार उतरतो. मात्र खोल शीर जुन्या गुठळीनं बंद असेल, तर हीच फुगलेली शीर रक्त वर नेण्याचं काम करत असू शकते. ती काढली तर पाय आणखी सुजेल.

म्हणून आधी पायाच्या शिरांची कलर डॉप्लर तपासणी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. झोपवून केलेली पुरत नाही. तुम्हाला उभं करून, भार दुसऱ्या पायावर टाकायला सांगून, पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते पाहतात. कातडीखालच्या शिरेत ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वाहिलं तर झडप बिघडलेली समजायची. माझ्याकडे झोपवून काढलेले रिपोर्ट सर्रास येतात आणि मी ते परत पाठवते. बाईला त्याचा त्रास होतो हे कळतं, पण इलाज नाही. तुम्ही सेंटरवर स्पष्ट सांगा: उभं करून बघा, खोल शिरा बघा, ओटीपोटातल्या शिराही बघा, बाळंतपणानंतर पाय सुजला होता. हे शेवटचं वाक्य नक्की सांगा, नाहीतर ते कुणी विचारणारही नाही.

आता घोट्याबद्दल. नुसत्या शिरा फुगल्या असत्या तर मी म्हटलं असतं, सवडीनं बघू. पण दाबामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी कातडीत झिरपतात, त्यांतलं लोह तिथे साठतं, आणि कातडी काळवंडते, खाजते, मग कडक होते. पुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम. बायकांचा घोटा साडीखाली झाकलेला राहतो, खाजेवर मलम लावून वर्षं जातात, आणि जखम वाहायला लागली की मग त्या येतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती वेळ बहुतेकदा टाळता येते. ब्रिटनमध्ये अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शिरेवर लगेच उपचार केले, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. आधी नुसतं पट्ट्या बांधून थांबलेल्यांना त्यासाठी ८२ दिवस लागले. तुमची कातडी अजून फुटलेली नाही. ती फुटायच्या आत हे करायचं आहे.

कापून की लेझर? कापून काढतात तेव्हा जांघेत छोटा छेद घेऊन शीर खोल शिरेपाशी बांधतात, तिच्यात तार घालून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ओढून काढतात. घोट्यापर्यंत शक्यतो ओढत नाहीत, कारण पोटरीत तिला चिकटून संवेदनेची नस जाते आणि ती दुखावली तर पाय बधिर राहतो. बाकीचे गाठाळलेले तुकडे बारीक छेदांतून काढतात. भूल बहुधा कमरेत देतात. त्याआधी उभं करून पेननं शिरांवर खुणा कराव्या लागतात, कारण आडवं झाल्यावर त्या दिसेनाशा होतात. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीत शीर काढत नाहीत. सोनोग्राफीत बघत आतून तापवून बंद करतात, भूल पायापुरती पुरते, दुखणं आणि काळंनिळं पडणं कमी. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २०१३ साली हीच पद्धत आधी, मग शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाचं (फोमचं) इंजेक्शन आणि त्यानंतर कापून काढणं असा क्रम सांगितला. परवडत असेल आणि डॉप्लरमध्ये शीर योग्य दिसली तर मीही लेझरच सुचवेन. पण कापून काढणं म्हणजे जुनाट, कमी प्रतीचं, असं मनात आणू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ते नेहमी होतं. शीर फार वेडीवाकडी किंवा अगदी कातडीलगत असेल तर आजही मी तेच करते. सरकारी योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना विचारा.

नणंदेला परत शिरा आल्या म्हणून उपचार फसला असं नाही. जांघेत नव्या बारीक शिरा वाढू शकतात, दुसऱ्या शिरांच्या झडपा बिघडू शकतात. लेझरनंतरही हे होतं. तेव्हा पुन्हा डॉप्लर करून तेवढ्या भागावर उपचार करता येतात.

बायपासची काळजी सोडा. फुगून वेडीवाकडी झालेली शीर बायपासला बहुधा चालतच नाही. छातीतली आणि हातातली धमनी वापरतात, शिवाय दुसरा पाय आहेच.

जळवा मात्र नको. सासूबाईंना माझं नाव सांगा. काळवंडलेल्या कातडीवर झालेली लहानशी जखमही महिनोन्महिने भरत नाही, आणि थोडं रक्त काढल्यानं झडप दुरुस्त होत नाही. जोरात मालिशही नको. तोपर्यंत पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटा, मधेमधे टाचा वरखाली करा, रात्री पायाखाली उशी घ्या. दाबाचे मोजे शेगडीपुढे नकोसे होतात हे मला माहीत आहे, तरी सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवा. फक्त त्याआधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच. शीर फुटून रक्त उडालं तर उभ्या राहू नका. आडव्या व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

कापून काढल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, टाके आठ-दहा दिवसांनी निघतात, दिवसभर उभं राहायचं काम दोन-तीन आठवडे नको. लेझरनंतर काही दिवसांत कामाला लागता येतं. नंतर पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. फराळाच्या ऑर्डरी घ्या, पण डॉप्लर याच आठवड्यात करा. खोल शिरा मोकळ्या निघाल्या तर शस्त्रक्रिया दिवाळी झाल्यावर ठेवायला माझी हरकत नाही. मात्र मध्येच घोट्याची कातडी ओलसर झाली किंवा खपली धरली, तर चकल्या-लाडू जावेवर किंवा मुलीवर सोपवून लगेच दाखवायला जा.