‘पीसीसी स्वच्छ आली, मग फॉर्ममध्ये नाही लिहू का?’ : बडोद्याची जुनी केस आणि कॅनडाची स्पाउस फाइल

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला, नवरा बडोद्यात, आणि त्यांना तिकडे बोलावायला स्पाउस, म्हणजे जोडीदाराची, फाइल टाकायची आहे. २०१६ च्या एकतीस डिसेंबरच्या रात्री त्यांना मोटरसायकलवर पकडलं, सकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं, गुजरातच्या नशाबंदी कायद्याच्या ६६(१)(ब) आणि ८५ सोबत मोटर वाहन कायद्याचं १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम, लावलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये वकिलाने सांगितलं म्हणून गुन्हा कबूल केला, दंड भरला, घरी आले. आता पासपोर्ट ऑफिसची पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, स्वच्छ आलीये आणि एजंट म्हणतो, फॉर्ममध्ये ‘नाही’ टिक करा, विषय संपला.

‘नाही’ लिहू नका. पुढचं सगळं याच एका वाक्याची कारणं आहेत.

आधी हे सांगते, की मी वकील नाही, कॅनडाची परवानाधारक कन्सल्टंटही नाही. पण हीच चूक आमच्या घरात झाली आहे आणि ती निस्तरताना या कायद्याची पानं झिजेपर्यंत वाचली आहेत. तुमच्या फाइलवर शेवटचा शब्द तिथल्या इमिग्रेशन वकिलाचाच. लग्नाचं सर्टिफिकेट, फोटो, चॅट, पैसे पाठवल्याच्या पावत्या याबद्दल लिहीत नाही, ते तुम्ही केलंच असेल.

पीसीसीच्या कागदावरचं वाक्य एकदा नीट वाचा. त्यात ‘या माणसाला कधीही शिक्षा झालेली नाही’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. प्रवासाची सवलत, म्हणजे व्हिसा वगैरे, नाकारावी लागेल अशी प्रतिकूल माहिती या माणसाबद्दल नाही, एवढंच लिहिलेलं असतं. दंड भरून निकाली निघालेली जुनी केस त्या शोधात येईलच असं नाही, आणि आली तरी अडवण्यासारखी वाटत नाही. कॅनडाचा प्रश्न वेगळा आहे. आयएमएम ५६६९, म्हणजे शेड्यूल ए, यात विचारतात की कुठल्याही देशात तुम्हाला गुन्ह्यासाठी दोषी ठरवलंय का, खटला चालू आहे का. त्याच यादीत आणखी एक प्रश्न आहे, तुम्हाला कधी अटकेत, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवलं होतं का. रात्रभर ठाण्यात बसवलं हेही त्यात येतं. तिथेही ‘हो’.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सगळे म्हणतात, ‘अरे, नुसता दंड झाला, केस थोडीच झाली!’ मॅजिस्ट्रेटपुढे ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला की कायद्याने दोषसिद्धी झाली. रक्कम पाचशे रुपये असो की पाच हजार. दंड ही शिक्षाच आहे. तारखा टाळायच्या म्हणून वकील कबूल करायला लावतात, लोकअदालतीतही असल्या किरकोळ केसेस कबुली घेऊन एका दिवसात ढिगाने निकाली काढतात, आणि माणूस समजतो की आपण ‘सुटलो’. याउलट जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३२३ सारख्या मारामारीत फिर्यादीबरोबर तडजोड झाली, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. दोन्ही कागद सारखेच दिसतात, दोन्हीवर ‘निकाली’ असतं. ज्यांची केस अजून चालू आहे आणि घरात कुणाचं बाहेर जायचं चाललंय, त्यांनी कबूल करण्याआधी वकिलाला हा फरक विचारावा. एकदा कबूल केल्यावर मागे फिरणं फार अवघड, कारण कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील फक्त शिक्षेचं प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यावरच होतं. ‘सेशन्स कोर्टातून पुसून आणतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे लक्षात ठेवा.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एका सल्लागार ऑफिसचं काम. नाव लिहीत नाही. त्यांनी केसचा एकही कागद मागवला नाही. पीसीसी पाहिली, ‘क्लीन आहे’ म्हणाले आणि सगळ्या प्रश्नांपुढे एका रांगेत ‘नाही’ टिक करून टाकलं. सही अर्जदाराची, जबाबदारी अर्जदाराची. कॅनडाच्या कायद्यात कलम ४० मध्ये चुकीची माहिती देणं आणि माहिती लपवणं, दोन्ही येतात, आणि त्याला पाच वर्षांची बंदी आहे. २०१४ पूर्वी ती दोन वर्षांची होती. ‘एजंटने भरलं’ हे उत्तर जवळजवळ कधीच चालत नाही. ज्या केसवरून ते खोटं लिहिलं, ती केस स्वतः कदाचित अडचणीची नसतेच! खरं लिहिलं असतं तर अधिकाऱ्याने चार कागद मागवले असते आणि फाइल पुढे गेली असती. लपवल्यामुळे त्याला तपासायची संधीच मिळाली नाही, हाच आरोप होतो. आजही हे लिहिताना संताप येतो, कारण हे ऑफिसं चालवणाऱ्यांना माहीत असायला हवं, त्याचेच ते पैसे घेतात.

आता तुमच्या केसकडे. कॅनडा आपलं कलम बघत नाही, तेच कृत्य तिकडे केलं असतं तर कुठला गुन्हा झाला असता, ते बघतो. नुसती दारू पिणं किंवा जवळ बाळगणं हा तिथे गुन्हाच नाही, त्यामुळे ६६(१)(ब) एकटं असतं तर तुम्हाला फार काळजी नव्हती. ८५ मध्येही, म्हणजे नशेत गैरवर्तनाच्या कलमातही, एफआयआरमध्ये प्रत्यक्ष काय केलं म्हणून लिहिलंय, ते महत्त्वाचं. खरा प्रश्न १८५ चा.

इथे तीन आकडे लक्षात ठेवा. मोटर वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. गुजरातच्या नशाबंदी कायद्यात ०.०५ टक्के, म्हणजे ५०. कॅनडात ८०. म्हणजे आपल्याकडे ४५ ला दोषी ठरलेला माणूस कॅनडाच्या मर्यादेच्या आत असू शकतो. म्हणून ब्रेथ अॅनलायझरची चिठ्ठी किंवा रक्त घेतलं असेल तर एफएसएलचा, म्हणजे फॉरेन्सिक लॅबचा, रिपोर्ट शोधून काढा. त्यावर ०.०६२ असं काही असेल तर तो आकडा तुमच्या बाजूचा आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कॅनडात आकड्याशिवायही, गाडी चालवायची क्षमता दारूने कमी झाली होती असं दिसलं तरी गुन्हा होतो. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर डॉक्टर चाल, बोलणं, डोळे, तोंडाचा वास यांची नोंद करतात. चाल डळमळीत, बोलणं अडखळत असं लिहिलं असेल, तर आकडा कमी असूनही अडचण राहते. हे दोन कागद हातात आल्याशिवाय कुणीही ‘काही होत नाही’ किंवा ‘संपलं सगळं’ म्हणालं, तर ऐकू नका.

आणि एफआयआरची गुजराती वाक्यं बघा. ‘केफी पीणुं पीधेल हालतमां’ (दारू प्यायलेल्या अवस्थेत) एवढंच आहे, की पुढे ‘मोटरसायकल हंकारी’ (चालवली) असंही आहे? कधी माणूस उभ्या गाडीजवळ सापडलेला असतो आणि कलम तरी १८५ लागतं. पंचनाम्यात गाडी चालू होती का, चावी कुठे होती, हे असतं. मात्र कॅनडात गाडी नुसती ताब्यात असणंही त्या गुन्ह्यात मोजतात, त्यामुळे ‘चालवत नव्हतो’ हा बचाव वकिलाला विचारूनच घ्या.

तारखेचं नशीब मात्र तुमच्या बाजूने आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षं केली. त्यामुळे त्या दिवसानंतरच्या घटना ‘गंभीर गुन्हेगारी’त गेल्या, आणि काळ उलटला म्हणून आपोआप माफ होण्याची सोय त्यांना राहिली नाही. तुमची घटना २०१६ ची, म्हणजे जुनी शिक्षा लागू. अशा एकाच दोषसिद्धीला, शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली आणि मधे दुसरं काही घडलं नाही, तर माणूस पुनर्वसित मानला जातो, म्हणजे ती दोषसिद्धी मग प्रवेश अडवत नाही. दंडच असेल तर मोजणी दंड भरल्यापासून. फेब्रुवारी २०१८ मध्ये भरला, म्हणजे फेब्रुवारी २०२८. लायसन्स निलंबित केलं असेल तर ते संपल्यापासून, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तोवर थांबायचं नसेल तर पाच वर्षांनंतर पुनर्वसनाचा स्वतंत्र अर्ज करता येतो, ती पाच वर्षं फेब्रुवारी २०२३ मध्येच झाली. माझं मत विचाराल तर आकडा ८० च्या वर निघाला तर हा अर्ज स्पाउस फाइलबरोबरच द्या, पत्र यायची वाट बघू नका. त्याला फी वेगळी, वेळ वेगळा.

या सगळ्याला एक कागद लागतोच, दंडाची पावती. लोक नेमकी तीच फेकून देतात. तुमची केस चालली तेव्हा कोर्ट जुन्या जागी होतं, २०१८ मध्ये ते न्यायमंदिराकडून दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं. फाइल आता रेकॉर्ड रूममध्ये असेल. आधी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नाव किंवा एफआयआर नंबर टाकून केस नंबर काढा, मगच नक्कल विभागात अर्ज द्या. केस नंबर नसेल तर तिथे कुणी हात लावत नाही. एफआयआर, चार्जशीट, पंचनामा, वैद्यकीय फॉर्म, एफएसएल, कबुलीचा जबाब आणि हुकूम, सगळ्याच्या प्रमाणित नकला घ्या, दोन दोन संच. किरकोळ केसेसचं रेकॉर्ड ठराविक वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर रेकॉर्ड उपलब्ध नसल्याचा कोर्टाचा दाखला लेखी घ्या आणि रजिस्टरमधली नोंद मागा. तोंडी ‘नथी’ घेऊन परत येऊ नका.

भाषांतरात आणखी एक फसगत होते. कागद गुजरातीत असतात. ‘आरोपी’चं भाषांतर काही जण सरळ ‘क्रिमिनल’ करून टाकतात, आणि दंडाच्या हुकुमाला ‘ट्रॅफिक फाइन’ लिहून तुमचं भलं केलं असं समजतात. दोन्ही घातक. आरोपी म्हणजे ‘अक्युज्ड’, आणि कलमं आकड्यांसकट जशीच्या तशी. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की नवऱ्याने २०१९ मध्ये स्टुडंट व्हिसाला अर्ज केला होता. तो फॉर्म आधी शोधा! त्यातही अटक, आरोप, दोषसिद्धी विचारतात. तिथे ‘नाही’ लिहिलं असेल तर नवीन ‘हो’ आणि जुनं ‘नाही’ शेजारी शेजारी येणार. अशा वेळी अधिकाऱ्याने विचारायच्या आत स्वतः पत्र लिहून कबूल करणं बरं. आधी काय लिहिलं, का लिहिलं, खरं काय, एक पान पुरे. पण हे पत्र मात्र वकिलाकडून तपासून घ्याच. जुना फॉर्म सापडत नसेल तर कॅनडाकडून फाइलची नक्कल मागवता येते, पाच डॉलर लागतात, तुम्ही तिथेच आहात म्हणून नवऱ्याची संमती घेऊन तुम्ही मागू शकता.

फाइल बाहेरून, म्हणजे आउटलँडच करा. नकार आला तर स्पॉन्सर म्हणून तुम्हाला अपिलाचा हक्क राहतो, तीस दिवसांची मुदत असते. कॅनडात राहून केलेल्या स्पाउस अर्जाला तो हक्क नाही. मधे ‘फेअरनेस लेटर’, म्हणजे नकार देण्याआधी तुमचं म्हणणं मागणारं पत्र, आलं तर त्यावरची उत्तराची तारीख बघा आणि मुदत अपुरी वाटली तर तारीख उलटायच्या आत लेखी वाढवून मागा. गप्प बसलात तर आहे त्या कागदांवर निर्णय होतो.

खाली आणखी दोघांनी विचारलंय. श्रावणात जुगारात पकडले गेलेल्यांचं: घरात पत्ते खेळणं हा तिथे गुन्हा नाही, आणि ‘जुगाराच्या अड्ड्यावर सापडलो’ अशी एकच दोषसिद्धी सहसा प्रवेश अडवत नाही. दोन वेगवेगळ्या वेळच्या असतील तर मोजल्या जातात. पण एक असो की दोन, फॉर्ममध्ये लिहायचंच. आणि जुन्या दंड संहितेच्या २७९, म्हणजे बेदरकार गाडी चालवण्याच्या, कलमवाल्यांनी सावध राहावं. आपल्याकडे तो हजार रुपये दंडाचा विषय, पण बेदरकार गाडी चालवण्याला कॅनडात २०१८ नंतर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साधा निष्काळजीपणा तिथे प्रांताच्या वाहतूक कायद्यात जातो, फौजदारीत नाही. म्हणजे एफआयआरमध्ये ‘पूरझडपे अने गफलतभरी रीते’ (भरधाव आणि निष्काळजीपणे) हे छापील वाक्य सोडून प्रत्यक्ष काय घडलं म्हणून लिहिलंय, सगळं त्यावर.

ताई, नकला हातात आल्या की नावं, पत्ते, नंबर काळे करून कलमं, रक्तातला आकडा आणि दंडाची तारीख एवढंच इथे टाका. मी बघते. तोवर त्या एजंटकडून फॉर्मची भरलेली प्रत मागून घ्या आणि ‘सबमिट’ करायचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा.