श्टुटगार्टला निघण्याआधी: कॉन्सुलेटचे कागद आणि बाळाचं नाव

तुम्ही विचारलंत, ऑक्टोबरात पुण्याहून श्टुटगार्टला जातोय, मिसेसना पाचवा महिना चालू आहे, तिथे आपल्या कॉन्सुलेटशी काय काम पडतं आणि इथून काय करून न्यावं? फी, फोटोचा आकार, अपॉइंटमेंट हे त्यांच्या साइटवर आहे आणि ते बदलतही असतं. ते सोडून बाकीचं सांगतो.

श्टुटगार्टचं राज्य, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग, म्युनिकच्या कॉन्सुलेटकडे येतं. पत्ता नोंदवल्याचा दाखला घराची नोंदणी केल्यावर मिळतो, तो जपून ठेवा. जवळपास प्रत्येक अर्जाला तो लागतो.

खरं दुखणं नावाचं आहे. आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, आणि लग्नानंतर बाईचं नाव काही कागदांवर बदललेलं, काहींवर तसंच. इथे कुणी अडवत नाही. तिथे बाळाच्या जन्माची नोंद करणारं ऑफिस, श्टांडेसाम्ट, आई-वडील दोघांचे जन्मदाखले आणि विवाहदाखला मागतं आणि अक्षर न् अक्षर ताडून बघतं. शंका आली तर नोंदीतच आई-वडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा पडतो. ॲपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं त्या शिक्क्यावर, विसंबू नका. भारत २००५ साली या शिक्क्याच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला, त्यामुळे या दोन देशांमध्ये ॲपोस्टिल लागू नाही. कागद खरे आहेत का याची पडताळणी जर्मन वकिलातीमार्फत भारतात होते आणि तिला महिने लागतात.

म्हणून आत्ताच, मिसेसना प्रवास झेपतोय तोवर, दोघांचे जन्मदाखले काढा. आपल्या पिढीच्या कित्येक दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' किंवा 'पुरुष' असतं. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीत नाव चढवून घ्या. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवा. नुसता मराठी असला तर तिथला शपथबद्ध भाषांतरकार अक्षरांतराच्या ठरलेल्या नियमाने नाव लिहितो आणि ते पासपोर्टच्या स्पेलिंगशी जुळत नाही. मिसेसच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नसेल तर तेही इथेच घालून घ्या. पासपोर्टची मुदत वर्षाच्या आत संपत असेल तर नवा करूनच निघा, कारण तिथलं राहण्याचं कार्ड पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत.

बाळ झाल्यावर कॉन्सुलेटचं काम सुरू होतं. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये झाली नाही, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते आपोआप भारतीय ठरत नाही. मग केंद्र सरकारची परवानगी लागते. पण वर्षभर आहे म्हणून थांबू नका. बाळाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांत करायचा असतो आणि कार्डासाठी पासपोर्ट लागतो. पासपोर्टच्या अर्जावर आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. बाळाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो.

आणि नाव जर्मन दाखल्यावर असेल तेच पासपोर्टवर येतं. वडिलांचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत तिथल्या रकान्यात बसत नाही. ते मुलाचं दुसरं नाव म्हणून चढतं, आणि पुढे शाळेच्या प्रत्येक पत्रावर पोराच्या नावाला बापाचं नाव चिकटून येतं. मला हे आजही सलतं. आजोबांच्या पिढीपासून चालत आलेली रीत एका रकान्यापायी सोडायची की मुलाला आयुष्यभर स्पेलिंग समजावायला लावायचं, हे दोघांनी दवाखान्यात जाण्याआधी ठरवा. तिथे खाटेवर बसून फॉर्म भरताना ते सुचत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. त्यावर कॉन्सुलेटकडे इलाज नाही.

तुमचे आई-वडील इथे आहेत म्हणून मुखत्यारपत्राचंही, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार त्यांना देणाऱ्या कागदाचंही, सांगतो. फ्लॅट विकायची वेळ आली तर ते कॉन्सुलेटमध्ये अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करून घ्यावं लागतं. घरून सही करून नेऊ नका. साक्षीदारांबद्दल आधी विचारून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. लोक इथेच चुकतात. कुरियर येतं, पाकीट कपाटात जातं आणि मुदत टळते.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, हे तुम्ही वाचलं असेल. भारताने केलेलं नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं संपतं आणि पासपोर्ट कॉन्सुलेटला परत करावा लागतो. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड उरतं. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. जर्मन नागरिकत्व घ्यावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, त्यामुळे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?

मिसेसचं दहावीच्या मार्कलिस्टवर, विवाहदाखल्यावर आणि पासपोर्टवर नाव कसं कसं लिहिलंय ते स्वतः एका कागदावर शेजारी शेजारी उतरवून काढा. फरक दिसला की आधी कुठला कागद दुरुस्त करायचा ते विचारा, सांगतो.